धोरण-अभ्यासाची पदवी आणि सोलापूर : एक पार्श्वभूमी

सार्वजनिक धोरण आणि व्यवस्थापन या विषयात पदव्युत्तर पदवी घ्यावी का, असे सोलापुरातील पदवीधर आणि त्यांचे पालक अलीकडे विचारू लागले आहेत. या विचारणेमागे बहुधा दुसराच प्रश्न दडलेला असतो : या पदवीने कोणते पद मिळते? बी.एड. केले की शिक्षक, एलएल.बी. केले की वकील, राज्यसेवा उत्तीर्ण झाले की तहसीलदार किंवा उपजिल्हाधिकारी, हा आपल्याकडचा रूढ हिशेब या पदवीला लागू पडत नाही. तो का पडत नाही, याचे उत्तर तिच्या इतिहासात आहे. व्यवस्थापनाची जोड असलेली ही पदवी भारतात प्रथम आली ती पद आधीच हाती असलेल्या सरकारी अधिकाऱ्यांसाठी. नव्या पदवीधरांसाठी तिची दारे नंतर उघडली.

या अभ्यासाचे मूळ असलेल्या लोकप्रशासन या विषयाचा आरंभ साधारणपणे 1887 पासून धरतात. त्या वर्षी वुड्रो विल्सन यांनी प्रशासनाच्या अभ्यासावर एक निबंध लिहिला. पुढे ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. निर्णय राजकारणाने घ्यावेत आणि ते राबवण्याचे शास्त्र वेगळे शिकवावे, ही त्यांची मांडणी बराच काळ टिकली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती अपुरी वाटू लागली. 1951 मध्ये अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ हॅरॉल्ड लासवेल यांनी ‘धोरण-विज्ञाना’ची कल्पना मांडली आणि 1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी विद्यापीठांत सार्वजनिक धोरणाच्या स्वतंत्र शाळा निघाल्या. तेव्हापासून अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, राज्यशास्त्र आणि व्यवस्थापन एकत्र शिकवण्याची पद्धत पडली, आणि नियम कोणता आहे यापेक्षा त्या नियमाचा परिणाम काय झाला, या प्रश्नाला महत्त्व आले.

भारतात या विषयाने आधी प्रशासनाच्या वाटेने प्रवेश केला. मुंबईत 1926 मध्ये अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था स्थापन झाली. नगरपालिकांच्या कित्येक पिढ्यांतील कर्मचाऱ्यांनी तिचे अभ्यासक्रम पूर्ण करून बढत्या मिळवल्या. नागपूर विद्यापीठाने 1949 मध्ये लोकप्रशासन आणि स्थानिक स्वराज्य यांचा विभाग सुरू केला. अमेरिकी तज्ज्ञ पॉल ॲपलबी यांच्या भारतीय प्रशासनावरील 1953 च्या अहवालानंतर दिल्लीत 1954 मध्ये भारतीय लोकप्रशासन संस्था उभी राहिली. महाराष्ट्रात 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या, तेव्हा गटविकास अधिकाऱ्यापासून ग्रामसेवकापर्यंत एक मोठी यंत्रणा जन्माला आली आणि तिच्या प्रशिक्षणाची गरजही तिच्याबरोबर आली. त्या प्रशिक्षणात भर राहिला तो नियम, लेखे आणि कार्यपद्धती यांवर.

दुसरा प्रवाह अर्थशास्त्राचा होता आणि माझ्या मते तोच अधिक मोलाचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1915 मध्ये कोलंबिया विद्यापीठातील एम.ए.साठी ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासनावर आणि वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ 1925 मध्ये प्रसिद्ध झाला. सरकार पैसा कोठून आणते, कोणावर खर्च करते आणि त्याचा भार अखेर कोणाच्या माथी येतो, हे विचारणारा हा अभ्यास आजच्या कोणत्याही धोरण-अभ्यासक्रमात शोभून दिसेल. पुण्यात 1930 मध्ये स्थापन झालेल्या गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्थेने अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली प्रत्यक्ष पाहणीची परंपरा रुजवली. तिने केलेल्या सोलापूर शहराच्या सामाजिक-आर्थिक अभ्यासाचे पुस्तक 1965 मध्ये प्रसिद्ध झाले. गिरण्या, हातमाग आणि विडी यांवर जगणाऱ्या कुटुंबांचे उत्पन्न आणि राहणीमान मोजणे म्हणजे धोरणाला लागणारा कच्चा माल गोळा करणेच होते. खंत एवढीच की सोलापूर दीर्घकाळ अभ्यासाचा विषय राहिले. हा अभ्यास शिकवणारी व्यवस्था मात्र पुण्या-मुंबईतच वाढली.

वास्तविक, धोरणाचे सर्वात मोठे धडे या जिल्ह्याने दुष्काळातून घेतले आहेत. 1876 ते 1878 च्या दुष्काळाचा सोलापूरला जबर फटका बसला. त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने 1880 मध्ये अहवाल दिला आणि त्यातून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता, म्हणजे दुष्काळी मदतीच्या नियमावल्या, तयार झाल्या. मदत फुकट वाटायची की कामाच्या मोबदल्यात द्यायची, मजुरी किती ठेवायची, दुष्काळ नेमका केव्हा जाहीर करायचा, हे वाद तेव्हापासूनचे आहेत. मोहोळ तालुक्यातील आष्टीचा तलाव हे त्याच काळातील दुष्काळी काम होय.

1972 च्या दुष्काळात हाच प्रश्न पुन्हा समोर आला. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापुरात लहान प्रमाणावर सुरू झालेला रोजगार हमीचा प्रयोग राज्यभर पसरला, 1977 मध्ये त्याचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. सोलापूर जिल्ह्यात वयस्क माणसे अजूनही खडी फोडण्याच्या, पाझर तलावांच्या आणि नालाबंडिंगच्या कामांच्या आठवणी सांगतात. या योजनेसाठी पैसा कोठून आला, हे पाहण्यासारखे आहे. शहरातील पगारदार, व्यापारी आणि व्यावसायिक यांच्यावर 1975 च्या कायद्याने व्यवसाय कर बसवण्यात आला. आजही शिक्षकाच्या किंवा बँक कर्मचाऱ्याच्या पगारपत्रकात दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये अशी जी कपात दिसते, ती हीच. सोलापूर शहरातल्या बाळीवेशीतील पगारदाराच्या खिशातून सांगोल्यातील मजुराच्या हजेरीपटापर्यंत जाणारी ही वाट ज्याला नीट मांडता आली, त्याला धोरणाचे वित्तव्यवस्थापन समजले असे खुशाल म्हणावे. केंद्राच्या 2005 च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यालाही महाराष्ट्राचा हा अनुभव पायाभूत ठरला.

शहराच्या पाण्याचा प्रश्नही असाच तपशिलात जाऊन पाहावा लागतो. सोलापूरला पाणी तीन मार्गांनी मिळते : उजनी धरणातून थेट जलवाहिनीने, धरणातून भीमेत सोडलेले पाणी औज-चिंचपूर बंधाऱ्यांत अडवून टाकळीहून उपसले जाते त्या मार्गाने, आणि हिप्परग्याच्या म्हणजे एकरुखच्या तलावातून. यांतला तलाव एकोणिसाव्या शतकातला आहे. नदीत सोडलेल्या पाण्याचा मोठा वाटा बाष्पीभवनात, जमिनीत मुरण्यात आणि वाटेतल्या उपशात जातो. त्यामुळे उजनीपासून दुसऱ्या, समांतर जलवाहिनीचा आग्रह धरला गेला आणि 2016 च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांच्या यादीत सोलापूर आल्यानंतर त्याला बळ मिळाले. तरीही जलवाहिनी टाकली म्हणजे रोज पाणी येते असे नाही. जलशुद्धीकरण केंद्राची क्षमता, उंच टाक्यांची संख्या, जुन्या नळांची गळती, वीज आणि पाणीपट्टीची वसुली, यांतला एकही दुवा कच्चा राहिला तरी घरातल्या बाईला पिंप, घागरी आणि हौद भरून चार-पाच दिवस पुरवावे लागतात. या विषयाच्या अभ्यासक्रमात ‘व्यवस्थापन’ हा शब्द ‘धोरणा’च्या जोडीला का आला, हे येथे लख्ख दिसते.

1987 मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत लोकप्रशासन हा वैकल्पिक विषय आला आणि तो झपाट्याने लोकप्रिय झाला. त्याचा एक परिणाम असा झाला, की आपल्याकडे हा विषय परीक्षेपुरता ओळखला जाऊ लागला. अभ्यासिकांमध्ये रात्रंदिवस बसणाऱ्या मुलामुलींची मेहनत कोणालाही नाकारता येणार नाही. परंतु स्पर्धा परीक्षेला ठरलेल्या वेळेत अचूक उत्तर हवे असते, आणि धोरणाच्या अभ्यासाला आकडेवारी तपासण्याची, लोकांशी बोलण्याची, अंदाज चुकला तर पुन्हा मांडण्याची सवड हवी असते. परीक्षेची तयारी म्हणून ही पदवी घेणाऱ्याची निराशा होण्याचा संभव मोठा आहे.

आजच्या नावाची पदवी भारतात रुजली ती बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेमुळे. 1973 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेच्या स्थापनेतच सार्वजनिक क्षेत्रावर भर होता. तिने 2002 मध्ये केंद्राच्या कार्मिक व प्रशिक्षण विभागाच्या सहकार्याने सार्वजनिक धोरण आणि व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. विद्यार्थी होते सेवेतले अधिकारी, आणि अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठाच्या मॅक्सवेल स्कूलशी त्याची सांगड होती. अभ्यासक्रमाची बांधणी वर्षानुवर्षे काम केलेल्या अधिकाऱ्याच्या गरजांनुसार झाली, हे त्यामुळे स्वाभाविक होते.

पुढे चित्र बदलले. 2014 मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने सार्वजनिक धोरणाची पदव्युत्तर पदवी सुरू केली. मुंबई विद्यापीठाच्या 1921 पासूनच्या अर्थशास्त्र विभागाच्या नावातच पुढे सार्वजनिक धोरण आले, आणि आयआयटी मुंबईतही हा अभ्यासक्रम निघाला. त्याच सुमारास तरुण पदवीधरांना शासनात काही काळ काम करण्याची संधी देणाऱ्या योजना आल्या. राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप 2015 ची. सल्लागार संस्था, स्वयंसेवी संस्था आणि आमदार-खासदारांची संशोधन कार्यालये येथेही कामे निघाली. ही कामे बहुधा कराराची असतात, त्यांना निवृत्तिवेतन नसते आणि गावाकडे त्यांना ओळख नसते. पालकांची काळजी म्हणूनच रास्त आहे.

सोलापूरकरांना याहून जवळचा पर्याय आहे. सुमारे 45 किलोमीटरवर तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे आणि तेथे विकास धोरण, नियोजन आणि व्यवहार या विषयात एम.ए. करण्याची सोय झाली. शहरातले विद्यापीठ 1 ऑगस्ट 2004 रोजी एका जिल्ह्यापुरते स्थापन झाले. त्याआधी येथील महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. 2019 पासून त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव आहे. एका जिल्ह्याचे विद्यापीठ ही त्याची मर्यादा मानली जाते. धोरणाच्या अभ्यासासाठी मला ती सोय वाटते, कारण महापालिका, जिल्हा परिषद, 11 तालुके, यंत्रमाग, विडी कामगारांच्या वसाहती आणि उजनीचे लाभक्षेत्र असे सारे एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरात आहे.

अडचण भाषेची आहे. शासन निर्णय, ग्रामसभेचे ठराव, महापालिकेच्या सभेची इतिवृत्ते मराठीत असतात. या पदवीचे वाचन जवळजवळ संपूर्ण इंग्रजीत आहे. जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला मूळ कागदपत्रे शहरी विद्यार्थ्यापेक्षा चांगली वाचता येतात, पण त्या बळाचे गुण त्याला प्रवेशपरीक्षेत मिळत नाहीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी घेणाऱ्यांना आता एका वर्षात पदव्युत्तर पदवी घेता येते, आणि त्या चौथ्या वर्षात संशोधन प्रकल्प करण्याची तरतूद आहे. एखाद्या पंचायत समितीने तीन वर्षांत पाणीपुरवठ्यावर केलेला खर्च, किंवा कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत घरे मिळालेल्या कुटुंबांचा कामावर जाण्यायेण्याचा खर्च, असा विषय घेऊन तो मराठीतच मांडता येईल. कार्यालयीन कागदपत्रे मागण्यासाठी 2005 चा माहिती अधिकार कायदा आहेच.