एम्प्रेस मिल ते कामगंध सापळा

एआयच्या शर्यतीत मागे पडलेल्या देशांनी काय करावं, असा विषय निघाला की नागपूरकराला एम्प्रेस मिल आठवायला हवी. गांधीसागर तलावाजवळ, आता मॉल आहे तिथे, 1 जानेवारी 1877 ला ती सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली, म्हणून हे नाव.

गिरण्या तेव्हा बहुतेक मुंबईत होत्या. जमशेदजी टाटांचा हिशेब साधा होता: कापूस इकडे पिकतो, 1867 पासून रेल्वेही आहे, मग गिरणी मुंबईत कशाला? जागा दलदलीची, भरणी घालावी लागली. एका स्थानिक सावकाराने ‘हा माणूस जमिनीत सोनं गाडतोय’ म्हणून पैसे नाकारले. पुढे त्यानेच कबूल केलं म्हणे, की टाटांनी माती घातली आणि सोनं काढलं.

खरी गंमत चात्यांची, म्हणजे सूत कातणाऱ्या यंत्रांची आहे. रिंग फ्रेम हे सूतकताईचं नवं यंत्र, अमेरिकेतला शोध. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा पैसा आणि कारागीर जुन्या म्यूल यंत्रांत अडकलेले, त्यांना बदलायची घाई नव्हती. नागपूरला मोडीत काढायला जुनं काहीच नव्हतं! इथे रिंग लवकर आली नि चालली. पण यंत्र बनवणं काही इथे आलं नाही; ती उणीव मला आजही खटकते.

कॉम्प्युटरच्या बाबतीत थोडं पुढे गेलो. सुपरकॉम्प्युटर देताना अमेरिकेने अटी घातल्या, म्हणून 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था निघाली आणि अनेक छोटे प्रोसेसर जोडून 1991 मध्ये ‘परम 8000’ हा आपला सुपरकॉम्प्युटर तयार झाला. ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेने प्रगत चिपसाठी चीनचीही वाट अडवली. तरी जानेवारी 2025 मध्ये डीपसीक या चिनी कंपनीच्या एआयने सगळ्यांना दचकवलं.

मार्च 2024 मध्ये मंजूर झालेलं आपलं इंडियाएआय मिशन 10,372 कोटींचं, तेही पाच वर्षांसाठी. अमेरिकेतली एकेक कंपनी एका वर्षात याच्या कितीतरी पट ओतते. त्या आखाड्यात उतरून कुस्ती जिंकता येणार नाही, असं माझं मत.

नागपूरच्याच केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा स्मार्ट कामगंध सापळा मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. गंधाला भुलून गुलाबी बोंडअळीचे पतंग सापळ्यात चिकटतात. पूर्वी शेतकऱ्याने जाऊन ते मोजायचे. आता सापळ्यातला कॅमेरा फोटो काढतो, एआय पतंग ओळखून मोजतं आणि आकडा मोबाइलवर येतो. चात्यांसारखंच हे, फक्त या वेळी यंत्रही इथलं.

भाषेचं मात्र अजून जमलेलं नाही. आमच्याकडे कपाशीला पऱ्हाटी म्हणतात. मागे काटोलकडच्या एका नातेवाइकाने मोबाइलला विचारलं, “पऱ्हाटीवर अळी दिसून राह्यली, काय मारू?” मोबाइलने त्याला पराठ्याची कृती सांगितली.