मॅनेजर आणि डायरेक्टर ऑफ फुटबॉल: 'वर कोण' हा प्रश्नच चुकीचा आहे

रविवारी सकाळी टर्फवर खेळून झालं की आम्ही बाणेर रोडला चहाला थांबतो आणि तिथे गेली कित्येक वर्षं एकच भांडण होतं. मँचेस्टर युनायटेडवाला म्हणतो क्लबला कडक डायरेक्टर ऑफ फुटबॉल पाहिजे, म्हणजे कोणते प्लेअर घ्यायचे-विकायचे हे बघणारा आणि मॅनेजरवर वचक ठेवणारा. आर्सेनलवाला म्हणतो टीम मॅनेजरची आहे ना, मग कुठला प्लेअर घ्यायचा हे त्याला दुसरं कोण सांगणार. दोघंही इतकी वर्षं फुटबॉल बघतायत आणि दोघंही हेच धरून चालतात की एक पद वर आहे आणि एक खाली, मग वाद कशाचा तर वर कोण याचा. मला आता याचा खरंच वैताग आलाय, कारण याच गोंधळापायी क्लबसुद्धा करोडोंच्या चुका करतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

मॅनेजरवर फार वेळ घालवत नाही. ट्रेनिंग, अकरा जण निवडणं, फॉर्मेशन, सब्स, मॅचनंतर पत्रकारांसमोर बसणं, हे तुम्हाला पाठ आहे. फक्त एवढंच की 'मॅनेजर' हा शब्द इंग्लंडचा आणि तिथे जुन्या काळी तो माणूस खरेदी-विक्री, पगार, अकादमी सगळंच बघायचा. युनायटेडचा फर्ग्युसन 1986 ते 2013, आर्सेनलचा वेंगर 1996 ते 2018, या दोघांमुळे आपल्या पिढीच्या डोक्यात तेच चित्र बसलं, आणि राहिलेली कसर 'फुटबॉल मॅनेजर' गेमने भरून काढली, ज्यात अकादमीतल्या पोरापासून ट्रान्सफरपर्यंत सगळं आपणच करतो. जर्मनीत बघा, उली होनेस 1979 मध्ये 27व्या वर्षी बायर्न म्युनिकचा 'मॅनेजर' झाला, पण ट्रेनिंग तो देत नव्हता, त्यासाठी वेगळा 'ट्रेनर' होता. म्हणजे आज आपण ज्याला डायरेक्टर ऑफ फुटबॉल म्हणतो त्यालाच तिथे मॅनेजर म्हणायचे. निम्मा घोळ इथेच आहे.

स्पोर्टिंग डायरेक्टर, टेक्निकल डायरेक्टर, फुटबॉल डायरेक्टर यातल्या फरकावर डोकं लावू नका, प्रत्येक क्लब आपल्या सोयीने नाव ठेवतो. कंपनीच्या बोर्डावरचा डायरेक्टर वेगळा आणि हा वेगळा. आणि प्लीज त्याला चीफ स्काउट म्हणू नका, स्काउट प्लेअर शोधून देतो, पण तो घ्यायचा का, किती वर्षांसाठी, आणि त्याच्यासाठी कोणाला विकायचं, हे ठरवणं हे अख्खं वेगळं काम आहे.

आता खरा मुद्दा, जिथे सगळे घसरतात. कोच, म्हणजे आजचा मॅनेजर, क्लबमध्ये किती दिवस असतो आणि प्लेअरचं काँट्रॅक्ट किती वर्षांचं असतं हे दोन्ही शेजारी ठेवून बघा. कोच बऱ्याचदा दोन वर्षंही पूर्ण करत नाही. प्लेअर चार किंवा पाच वर्षांसाठी सही करतो. बस, एवढ्या एका गोष्टीतून हे पद जन्माला आलंय.

पुण्यात भाड्याने राहिलेल्या कोणालाही हे लगेच कळेल. समजा अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटवर राहणाऱ्या भाडेकरूला घरमालक म्हणाला की किचन तुला हवं तसं तोडून नवीन करून घे, हप्ते मी पाच वर्षं भरतो. आता भाडेकरू काही वाईट माणूस नाही, रोज स्वयंपाक तोच करतो, ओटा कुठे हवा हे त्याला मालकापेक्षा जास्त कळतं. पण तो ओटा स्वतःच्या उंचीचा करणार, आणि त्यात त्याचं काहीच चुकलं नाही. अकरा महिन्यांनी तो गेला, दुसरा आला, तो म्हणतो हे काय भलतंच, मला असं नको, तोडा. पहिल्याचे हप्ते अजून चालूच. बरेच क्लब वर्षानुवर्षं हेच करतायत.

अँटनीचं उदाहरण घ्या. कोच टेन हाग नेदरलँड्सच्या आयाक्स क्लबहून 2022 मध्ये युनायटेडला आला, त्याच उन्हाळ्यात आयाक्सचाच अँटनी 80 मिलियन पाउंडांच्या वर मोजून आणला, काँट्रॅक्ट 2027 पर्यंत. टेन हागला ऑक्टोबर 2024 मध्ये काढलं. अँटनी मात्र क्लबच्या खात्यावर तसाच, मग जानेवारी 2025 मध्ये स्पेनच्या बेटिसला लोनवर (म्हणजे काही काळासाठी उसना) आणि शेवटी तिथेच विकला. आणि गंमत नाही, चीड येते ती पुढच्या गोष्टीची, तेव्हा युनायटेडकडे फुटबॉल डायरेक्टर होता! मार्च 2021 मध्ये जॉन मर्टाफला पहिल्यांदा ते पद दिलेलं. म्हणजे पाटी लावली, पण खरेदी कोचच्या ओळखीच्या माणसांचीच होत राहिली.

कोचला यात दोष देण्यात अर्थ नाही. पुढच्या तीन मॅच हरला तर त्याची नोकरी जाते, त्याला उद्याच्या उद्या तयार असलेला 29 वर्षांचा सेंटर बॅक हवा असणार, त्याच्या जागी मी असतो तर मीही तोच मागितला असता. पण क्लबमध्ये असाही एक माणूस लागतो ज्याची नोकरी त्या तीन मॅचवर अवलंबून नाही, जो बघेल की हा 29 वर्षांचा माणूस 33चा होईल तेव्हाही आपण त्याला पगार देत असू, आणि तोपर्यंत अकादमीतला 19 वर्षांचा पोरगा खेळायला न मिळाल्यामुळे निघून गेलेला असेल. तो माणूस म्हणजे डायरेक्टर ऑफ फुटबॉल. कोच गेल्यावर क्लबमध्ये जे काही मागे उरतं त्याचा हिशोब याने द्यायचा.

आणि मागे उरलेल्या टीमला साजेसा पुढचा कोच शोधणं हेही त्याचंच काम, जे लोक कायम विसरतात. लिव्हरपूल बघा. कोच क्लॉप जवळपास नऊ वर्षांनी मे 2024 मध्ये गेला, सगळ्यांना वाटलं आता दोन-तीन वर्षं पडझड होणार. स्पोर्टिंग डायरेक्टर रिचर्ड ह्यूजने आर्ना स्लॉटला आणलं, पद 'हेड कोच', आणि त्या मोसमात खेळायला नवीन आला तो एकटा किएझा. बाकी टीम क्लॉपच्या वेळचीच. चार मॅच शिल्लक असताना लीग जिंकले. टीमला साजेसा कोच आणला, कोचला साजेशी टीम नव्याने बांधत बसले नाहीत.

मग म्हणाल की कोचला नेमतो म्हणजे झालाच की साहेब. नेमणुकीत त्याचा शब्द मोठा असतो हे मान्य. पण शनिवारी लेफ्ट बॅकला कोण खेळणार यात त्याने तोंड घातलं की गेलं सगळं. मॅच कोचची. मला डायरेक्टर डगआउटच्या आसपास दिसला तरी आवडत नाही.

हद्द आखली नाही की काय होतं ते न्यूकॅसलला 2008 मध्ये झालं. जानेवारीत केविन कीगन मॅनेजर म्हणून परत आला, लगेच डेनिस वाइजला फुटबॉलचा एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर केलं. क्लब बाहेर सांगत राहिला की प्लेअरच्या बाबतीत शेवटचा शब्द कीगनचा. ऑगस्टअखेर इग्नासियो गोन्झालेस नावाचा प्लेअर लोनवर आणला, कीगनने कधी त्याला खेळताना पाहिलेलं नाही, त्याला सांगितलं यूट्यूबवर बघ. कीगनने सप्टेंबरमध्ये राजीनामा दिला, प्रकरण लवादाकडे गेलं, 2009 मध्ये निकाल कीगनच्या बाजूने, 20 लाख पाउंड भरपाई. आणि हे उदाहरण देऊन लोक म्हणतात बघा हे पदच वाईट. अरे पद वाईट नव्हतं, एकच अधिकार दोघांना देऊन ठेवला होता! एकाला मॅनेजर म्हणून सगळं तुझं असं सांगायचं आणि दुसऱ्याला डायरेक्टर म्हणून तेच सगळं द्यायचं, मग ते भांडणारच.

माझं मत याबाबतीत पक्कं आहे. यादी डायरेक्टरने करायची, कोचला 'हा नको' म्हणायचा अधिकार हवा आणि तो नको म्हणाला की विषय संपला. पण यादीत नसलेला आपल्या ओळखीचा प्लेअर आणायचा अधिकार कोचला नको. दोघांचा होकार असेल तरच सही. सालाहच्या वेळी असंच काहीसं झालं, 2017 मध्ये लिव्हरपूलचा स्पोर्टिंग डायरेक्टर मायकल एडवर्ड्स आणि त्याचे लोक क्लॉपच्या मागे लागले होते की सालाहच घेऊ, हे क्लॉपने नंतर स्वतःच सांगितलंय. त्यांनी लादला नाही, पटवला. तेव्हा सालाहला विकणाऱ्या इटलीच्या रोमा क्लबचा स्पोर्टिंग डायरेक्टर मोंची होता, स्पेनचा सेव्हिया क्लब सेकंड डिव्हिजनमध्ये पडला तेव्हा 2000 मध्ये ज्याने हे काम हातात घेतलं आणि 2017 पर्यंत सांभाळलं तोच. या काळात सेव्हियाने यूएफा कप-युरोपा लीग पाच वेळा जिंकली, दोनदा हुआन्दे रामोस कोच असताना आणि तीनदा उनाय एमेरी असताना. मधल्या काळात डॅनी आल्वेससारखे प्लेअर विकलेही. कोच बदलले, प्लेअर गेले, काम चालू राहिलं.

आमच्या आर्सेनलवाल्यालाही हेच सांगायचंय. तुमचा आर्टेटा डिसेंबर 2019 मध्ये आला तो हेड कोच म्हणून, सप्टेंबर 2020 मध्ये त्याला मॅनेजर केलं, पण टेक्निकल डायरेक्टर एडू शेजारी होताच की! नोव्हेंबर 2024 मध्ये एडू गेला, तर मार्च 2025 मध्ये अँड्रिया बेर्टाला आणलं. पद रिकामं ठेवलं नाही.

अजून एक प्रकार माझ्या डोक्यात जातो, तो म्हणजे काम नसलेल्या जुन्या मॅनेजरला डायरेक्टर करणं. पोर्ट्समथने 2001 मध्ये हॅरी रेडनॅपला डायरेक्टर ऑफ फुटबॉल केलं, मार्च 2002 मध्ये ग्रॅहम रिक्सला काढून तोच मॅनेजर. पुढे नोव्हेंबर 2004 मध्ये रेडनॅपच्या डोक्यावर वेलिमिर झायेत्सला आणला तेव्हा रेडनॅप क्लब सोडून गेला, आणि त्याच्या जागी मॅनेजर कोण, झायेत्स. ज्याची नजर आपल्या खुर्चीवर आहे अशा माणसाबरोबर कुठला कोच मोकळेपणाने बोलेल? या पदावर असा माणूस हवा ज्याला डगआउटमध्ये बसायचंच नाहीये. मोंची गोलकीपर होता, कोचिंगच्या वाटेला गेला नाही, एडवर्ड्स डेटा अ‍ॅनालिसिसमधून आला.

तर मग क्लबने डायरेक्टर ऑफ फुटबॉल नेमावा का? माझ्या मते हो, आणि कोच नेमायच्या आधी नेमावा. कारण पद ठेवलं नाही म्हणून ते काम काही नाहीसं होत नाही, कोणीतरी ते करतंच. युनायटेडमधून 2013 च्या उन्हाळ्यात फर्ग्युसन आणि सीईओ डेव्हिड गिल एकदमच गेले, ट्रान्सफरचं काम एड वुडवर्डकडे आलं, जो मुळात इन्व्हेस्टमेंट बँकर. मग मोयेस, व्हान गाल, मोरिन्यो, सोल्शार, प्रत्येकाचा फुटबॉल वेगळा, प्रत्येकाची यादी वेगळी, आणि आधीच्याचे प्लेअर पुढच्याच्या गळ्यात. अगदी आपल्याकडे पुणे डिस्ट्रिक्ट लीग खेळणारा छोटा क्लब असेल तर वेगळा पगारी माणूस नाही परवडणार, मान्य, पण तिथेही पुढच्या वर्षी कोणती पोरं घ्यायची हे कमिटीतल्या कोणीतरी एकाने वहीत लिहून ठेवावं, कोच गेला की सगळी माहिती त्याच्या मोबाइलमधून जाऊ नये. हे मी आमच्या इथे होताना बघितलंय, एका मोसमात अर्धी टीम कोचबरोबर गेली आणि उरलेल्यांना फोन करायला नंबरही नव्हते.

पुण्याला हे नवीन नाही खरं तर. एफसी पुणे सिटी आयएसएलचे (इंडियन सुपर लीगचे) पाच मोसम खेळली, 2014 ते 2019, बालेवाडीला आम्ही जायचो. कोलोंबा, प्लॅट, हबास, पोपोविच, पोर्तुगाल, फिल ब्राउन, पाच मोसमांत सहा कोच, आणि बघण्यासारखं जमलं ते एकदाच, पोपोविचच्या वेळी 2017-18 ला सेमीफायनल. पण याच काळात आशिक कुरुनियनही घडला, जुन्या पुणे एफसीच्या अकादमीत आलेला मलप्पुरमचा पोरगा, ती अकादमी पुढे पुणे सिटीने घेतली, मधे तो स्पेनच्या व्हियारियालला जाऊन आला आणि इंडियाकडून खेळला. सहापैकी कुठल्याही एका कोचचा तो प्लेअर नव्हता. 2019 मध्ये क्लब बंद झाला, लीगमधली जागा हैदराबादला गेली, आशिक बंगळुरूला गेला, आणि 2021-22 ची आयएसएल हैदराबादने जिंकली तेव्हा त्या टीममध्ये आपल्याकडे बालेवाडीला खेळलेला निखिल पुजारी होता.