आडून नकार (मराठी व्हॉट्सॲप ग्रुपमधील)

समोरच्याचे म्हणणे पटलेले नाही, हे ‘नाही’ न म्हणता कळवण्याची रीत. नातेवाइकांच्या, सोसायटीच्या आणि ऑफिसच्या ग्रुपमध्ये ती सर्रास दिसते, कारण सासरे, साहेब, शेजारी असे सगळेच तिथे वाचत असतात आणि एकाला दिलेले उत्तर चारचौघांत दिल्यासारखेच असते.

बरेचसे काम एखादे अक्षर करते. ‘असेल’ म्हणजे शक्यता मान्य आहे. ‘असेलही’ म्हणजे पटलेले नाही, पण वाद नको. ‘म्हणे’ जोडले की माहिती ऐकीव ठरते आणि सांगणाऱ्याला खोटेही पाडावे लागत नाही. ‘बरोबर आहे तुमचं, पण’ यात खरे म्हणणे ‘पण’च्या पुढे असते. ‘असो’ने विषय मिटतो, मतभेद मिटत नाही.

संबोधनही बोलते. एरवी अरेतुरे करणारा मित्र ‘आपण म्हणता ते योग्यच असेल’ असे लिहितो, तेव्हा तो आदर नव्हे, दुरावा समजावा. ज्यांना मुळातच अहोजाहो केले जाते त्यांच्याबाबत ही खूण चालत नाही. तिथे ‘हे कुठे वाचलंत?’ असा साधा प्रश्न येतो.

सर्वाधिक घोटाळा अंगठ्याचा होतो. मे २०२२ पासून संदेशावरच चिन्ह उमटवता येते. अंगठ्याचा अर्थ ‘वाचले’ असाही होतो आणि ‘मान्य’ असाही. जोडलेले हात आभाराचे असतात, तसेच ‘आता पुरे’चेही. समजा, सचिवांनी विचारले, ‘मेंटेनन्स महिना २०० रुपयांनी वाढवू या का?’ उत्तरादाखल चार अंगठे, एक ‘बघू’, एक ‘सभेत बोलू’ आणि बाकीच्यांच्या नुसत्या निळ्या खुणा. सचिव होकार धरून चालतात आणि सभेत विरोध उसळतो. मौनाला संमती मानण्याचा जुना संकेत ग्रुपमध्ये लावू नये: इथले मौन बहुधा नापसंतीचे किंवा दुर्लक्षाचे असते. समोरासमोर कपाळावरची आठी तरी दिसते, इथे तीही नाही.

पोल घेतल्यानेही हे सुटेलच असे नाही, कारण कोणी काय निवडले ते सहसा सर्वांना दिसते आणि भिडस्त माणूस ‘नको’वर बोट ठेवत नाही. त्यापेक्षा ‘बघू’ लिहिणाऱ्याला वेगळा फोन करून ‘अडचण रकमेची आहे की वाढीचीच?’ असे विचारावे. पर्याय दोन दिले, तर त्यातला एक निवडताना त्याला नकार उच्चारावा लागत नाही.