लेयर मास्कचे कीबोर्ड शॉर्टकट

फोटोशॉप किंवा तसल्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोचा काही भाग झाकायला, परत उघडायला आणि नीट झाकलाय का ते तपासायला जी बटणं वापरतात ते हे शॉर्टकट. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या चित्रांमधला एक थर, आणि मास्क म्हणजे त्या लेयरला जोडलेलं एक काळं-पांढरं चित्र, पांढरं असेल तिथे लेयर दिसतो, काळं असेल तिथे लपतो, करडं असेल तिथे अर्धवट. फोटोशॉपमध्ये लेयर १९९४ साली ३.० व्हर्जनला आले. इरेझरने पुसलं की पिक्सेल गेले ते गेले, मास्कने झाकलेला फोटो मात्र खाली जसाच्या तसा असतो, त्यामुळे गिऱ्हाईक संध्याकाळी येऊन "मामांचा हात परत दाखवा" म्हणालं तरी चालतं. मुंबईत लग्नाचे अल्बम आणि गणपतीचे फ्लेक्स बनवणाऱ्यांनी तरी मास्कशिवाय काम करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रंगवायची बटणं बहुतेकांना पाठ असतात. बी दाबलं की ब्रश, चौकोनी कंसांनी तो लहान-मोठा, शिफ्ट धरून तेच कंस दाबले की कड मऊ किंवा कडक. मास्क निवडलेला असताना डी दाबलं की पुढचा रंग, म्हणजे ब्रशचा, पांढरा आणि मागचा काळा, एक्सने अदलाबदल. आकड्यांनी ओपॅसिटी, म्हणजे रंग किती गडद लागतो ते, ३ म्हणजे ३० टक्के, पटकन ३ आणि ५ दाबलं तर ३५. ऑल्ट-बॅकस्पेसने पुढचा रंग भरतो, कंट्रोल-बॅकस्पेसने मागचा, कंट्रोल-आयने अख्खा मास्क उलटा होतो. नवीन मास्क काळाच हवा असेल तर लेयर पॅनलखालच्या (लेयरची यादी दिसते त्या चौकटीखालच्या) मास्कच्या बटणावर ऑल्ट धरून क्लिक.

पण खरं काम वाचतं ते मास्क बघायच्या शॉर्टकटने, आणि लोक नेमके तेच शॉर्टकट शिकत नाहीत. समजा नऊवारीतली नवरी हॉलच्या पडद्यावरून उचलून दुसऱ्या बॅकग्राउंडवर ठेवलीय, अंबाडा, गजरा, कानाजवळ सुटलेल्या दोन बटा, नथीचे मोती. स्क्रीनवर सगळं छान दिसतं. आता लेयर पॅनलमध्ये मास्कच्या छोट्या चित्रावर ऑल्ट धरून क्लिक करा, फोटो जातो आणि नुसता मास्क समोर येतो, मग पांढऱ्या गालावर राहिलेले करडे ठिपके तांदळातल्या खड्यांसारखे वेगळे दिसतात. हेच ठिपके अल्बम छापून आला की चेहऱ्यावर डाग म्हणून दिसतात, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

केसांसाठी त्याहून चांगलं बटण म्हणजे बॅकस्लॅश. ते दाबलं की झाकलेला भाग पारदर्शक लाल होतो, खालचा फोटोही दिसतो आणि त्यावरच ब्रश चालवता येतो, त्यामुळे कुठली बट कापली गेली ते लगेच कळतं, परत दाबलं की लाल रंग जातो. हा लाल रंग छपाईतून आलाय. पूर्वी प्रेसमध्ये फिल्म बनवताना रुबीलिथ नावाचा लाल पापुद्रा ब्लेडने कापून लावायचे, त्या फिल्मला लाल उजेड दिसतच नाही, म्हणजे लाल तिथे काळंच समजायचं, आणि कापणाऱ्याला मात्र आरपार दिसायचं.

त्याच छोट्या चित्रावर शिफ्ट-क्लिक केलं की मास्क तात्पुरता बंद होतो, वर लाल फुली येते. कंट्रोल-क्लिकने मास्कचं सिलेक्शन मिळतं, म्हणजे मास्कचा पांढरा भाग निवडला जातो, आणि ऑल्ट धरून मास्क दुसऱ्या लेयरवर ओढला की त्याची कॉपी होते, एकाच पोझच्या फोटोंना फार उपयोगी.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मास्कऐवजी फोटोच निवडलेला असला की, मग काळा ब्रश थेट नवरीच्या गालावर फिरतो. ज्या चित्राभोवती चौकट दिसते ते निवडलेलं असतं, रंगवायच्या आधी तिकडे एकदा नजर टाकायचीच. कंट्रोल-बॅकस्लॅशने मास्कवर जाता येतं, कंट्रोल-२ ने परत फोटोवर. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड आणि ऑल्टच्या जागी ऑप्शन. गिंप या दुसऱ्या फोटो सॉफ्टवेअरमध्ये ऑल्ट-क्लिकने मास्क दिसतो पण बंद करायला कंट्रोल-क्लिक आहे, तिकडून इकडे येणाऱ्यांचा हात चुकतो.

मराठी फ्लेक्स करणाऱ्यांसाठी अजून एक गोष्ट. टेक्स्ट लिहिणं चालू असताना एक्स दाबलं तर रंग बदलत नाहीत, अक्षर टाइप होतं, आणि इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी टाइप करायचा कीबोर्ड, चालू असेल तर एक्सच्या जागी अनुस्वार असतो. म्हणजे "हार्दिक शुभेच्छा" चं "शुभेच्छां" होतं आणि तो एक ठिपका प्रूफ बघताना सहज सुटतो. म्हणून टेक्स्ट झालं की आधी कंट्रोल-एंटर दाबून बाहेर यायचं, कीबोर्ड इंग्रजीवर आणायचा, मगच मास्कवर क्लिक करायचं.