दोन महिने उभ्या राहिलेल्या टाकीत

मेकॅनिकने माझ्या बाइकच्या कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या, तळाचे स्क्रू काढले आणि पेट्रोल साठणारा वाटीएवढा बाउल माझ्या हातात दिला. "बघा साहेब, काय जमलंय." तळाला पांढरट, खडबडीत थर होता. नखाने खरवडला तर भुरभुर पडला. पितळेच्या जेटवर हिरवट झाक आली होती. त्याने तो जेट ट्यूबलाइटसमोर धरला. जेटच्या मधोमध पेट्रोल जाण्यासाठी अगदी बारीक भोक असतं आणि त्यातून उजेड दिसायला हवा. दिसत नव्हता.

बाइक २०१४ची, तोवर एकदाही रस्त्यात दगा न दिलेली. जूनच्या सुरुवातीला माझा पाय मोडला आणि ती भांडुपला आमच्या इमारतीखाली ताडपत्री पांघरून उभी राहिली, अर्धी टाकी पेट्रोलसकट. ऑगस्टमध्ये किक मारून मारून दमलो, तेव्हा ढकलत गॅरेजला नेली. वापरून झिजलेली बाइक मी समजू शकतो. न वापरता ती बिघडावी, हे मला खटकलं, म्हणून मी मुळाशी जायचं ठरवलं.

आपल्या पंपावर आज मिळणारं पेट्रोल निव्वळ पेट्रोल नाही. इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ साली काही राज्यांत ५ टक्क्यांनी सुरू झाला. २०२२च्या जूनमध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला. २०२३च्या फेब्रुवारीत २० टक्के मिश्रण, म्हणजे ई-२०, पंपांवर यायला लागलं आणि दोनेक वर्षांत ते सगळीकडे पोचलं. उसाची मळी, उसाचा रस, मका, तांदूळ यांपासून हे इथेनॉल बनतं. शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळतं आणि तेलाची आयात थोडी कमी होते, हे फायदे खरे आहेत. ते मला नाकारायचे नाहीत.

पण इथेनॉलच्या रेणूचा स्वभाव पेट्रोलच्या रेणूपेक्षा वेगळा आहे. त्याची एक बाजू कार्बन-हायड्रोजनची, तेलाशी जमवून घेणारी. दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी, आणि तिला पाण्याची ओढ. साध्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं तर ते जवळजवळ विरघळत नाही, मुकाट्याने तळाला बसतं. इथेनॉल असेल तर पाणी आधी त्यात विरघळतं. १५ अंश सेल्सिअसच्या आसपास १० टक्क्यांचं मिश्रण लिटरमागे साधारण ५ मिलिलिटर पाणी पोटात घेतं, म्हणजे चहाचा एक चमचा. २० टक्क्यांचं मिश्रण त्याहून जास्त घेतं. तोवर सगळं ठीक असतं. असं ओलसर पेट्रोल इंजिन विनातक्रार जाळून टाकतं.

चमचाभर पाणी जास्त झालं की मात्र मिश्रण फाटतं. इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर जातं आणि दोघं मिळून टाकीच्या तळाशी जातात, कारण पेट्रोलपेक्षा ते जड असतात. वर उरतं ते इथेनॉल गमावलेलं, कमी ऑक्टेनचं, म्हणजे इंजिनात अवेळी पेटू शकणारं पेट्रोल. गॅरेजमध्ये हे डोळ्यांनी पाहिलं. टाकीतलं पेट्रोल मेकॅनिकने काचेच्या बाटलीत काढलं आणि पाच मिनिटं ठेवून दिलं. खाली दोन बोटं पाण्यासारखा थर, वर पिवळसर पेट्रोल आणि मध्ये सुरीने कापावी तशी रेघ. मोठ्या टाकीत हा तळचा थर लिटर-दीड लिटरही भरू शकतो, कारण दहा लिटर ई-२०मध्ये दोन लिटर इथेनॉलच असतं.

आता बाइकचं पेट्रोल चालू-बंद करणाऱ्या कॉकची रचना आठवा. 'ऑन'ची नळी टाकीच्या आत थोडी वर उभी असते, 'रिझर्व्ह'चं तोंड तळाला. ऑनवर कशीबशी चालणारी गाडी रिझर्व्हला टाकताच मरते, तेव्हा ही शक्यता आधी तपासावी. उगाच प्लग बदलत बसू नये.

टाकीत पाणी आलं कुठून? मुंबईची हवा जुलैत इतकी दमट असते की पहिला संशय हवेवरच जातो. तो अर्धाच खरा आहे. झाकण नीट बंद असेल तर हवेतली वाफ अगदी सावकाश आत शिरते. खरं पाणी माझ्या टाकीत झाकणातून गेलं होतं. बाइकच्या टाकीवर झाकणाभोवती एक खळगा असतो आणि त्यात पावसाचं पाणी निघून जावं म्हणून बारीक भोक ठेवलेलं असतं. माझ्या गाडीचं ते भोक धूळमातीने बुजलं होतं. ताडपत्रीच्या फाटक्या घडीतून थेंब थेंब पाणी खळग्यात साचायचं आणि झाकणाच्या जुन्या रबरातून आत झिरपायचं. मे महिन्यात एका पातळ तारेने ते भोक मोकळं केलं असतं, तर ही सगळी गोष्ट घडलीच नसती.

पाणी आणि इथेनॉल एकत्र आले की धातूंचं हाल सुरू होतं. पेट्रोलमधून वीज वाहत नाही, पण या ओल्या थरातून वाहते. कार्बोरेटर जस्त किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, जेट पितळेचा, टाकी पोलादाची. दोन वेगळे धातू वीज वाहणाऱ्या द्रवात भिजत राहिले की छोटा सेल तयार होतो आणि त्यातला एक धातू झिजतो. माझ्या बाउलमधला पांढरा चुरा त्यातलाच. शिवाय इथेनॉल चांगलं द्रावक आहे. जुन्या टाकीच्या भिंतीवर बसलेला चिकटा आणि गंज ते सैल करतं आणि तो कचरा फिल्टर, जेटकडे येतो. जुन्या गाडीला ई-२० पहिल्यांदाच मिळू लागल्यावर फिल्टर लवकर तुंबतो, तो यामुळे. जुन्या प्रकारच्या रबराच्या नळ्या, ओ-रिंगा आणि निडलची टोकं त्यात फुगतात किंवा कडक होऊन तडकतात.

हे सगळं उभ्या इंजिनाचं. चालत्या इंजिनालाही इथेनॉलचा एक त्रास आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. ई-२०ला हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. २०२०च्या एप्रिलपासून बीएस-६ दुचाकींमध्ये इंधन इंजेक्शन आलं. एक्झॉस्टमधला सेन्सर हवेचं प्रमाण पाहतो आणि संगणक पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला हे जमत नाही. त्याच्या जेटचं भोक ठरलेलं, त्यामुळे इंधन-हवेचं मिश्रण सुमारे ८ टक्के पातळ, म्हणजे गरजेपेक्षा जास्त हवेचं होतं आणि इंजिन जास्त तापतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाही पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच, म्हणून ॲव्हरेज थोडं घटतं. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच मूळ साध्या पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि ई-१०साठी जुळवलेल्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट मांडली आहे.

पण दुचाकीपेक्षा मला काळजी वाटते ती त्याहून लहान इंजिनांची, कारण त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. गणपतीच्या मंडपातला पेट्रोल जनरेटर, गवत कापायचं यंत्र, पावसाळ्याआधी फांद्या छाटायला आणलेली करवत, कोळीवाड्यातल्या लहान होडीच्या मागे बाहेरून बसवायचं आउटबोर्ड मशीन. ही यंत्रं वर्षातले थोडे दिवस चालतात आणि उरलेले दिवस नुसती उभी असतात. त्यातली करवत आणि गवतयंत्र बहुतेक टू-स्ट्रोक असतात. त्यांचं वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. मिश्रण फाटलं तर तेल वरच्या पेट्रोलात राहतं आणि तळाचा थर तेलाशिवायच इंजिनात जातो. मिनिटाला दहा-दहा हजार फेरे मारणारा पिस्टन कोरडा फिरला तर सिलिंडरला चिकटून बसायला फार वेळ लागत नाही. बऱ्याच करवतींच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. अमेरिकेत १५ टक्क्यांचं पेट्रोल मोटारसायकली, होड्या आणि बागकामाच्या इंजिनांत घालायला मनाई आहे आणि तशी पट्टी पंपावर चिकटवलेली असते. आपल्या पंपांवर निदान किती टक्क्यांचं मिश्रण आहे हे ठळक लिहिलेलं असावं आणि लहान इंजिनवाल्यांना कमी इथेनॉलचा परवडणारा पर्याय मिळावा, ही मागणी मला रास्त वाटते.

तोवर आपल्या हातात बरंच आहे. सगळ्यात मोठा उपाय म्हणजे पेट्रोल साठवून ठेवू नये. लहान इंजिनासाठी दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच आणावं, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं आणि डब्यावर तारीख लिहावी. यंत्र महिन्याभराहून जास्त उभं राहणार असेल तर टाकी रिकामी करावी, मग इंजिन सुरू करून कॉक बंद करावा आणि बाउलमधलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावं. तळाशी राहिलेले थेंब बाउलच्या ड्रेन स्क्रूने काढावेत. इंजेक्शनच्या गाडीला मात्र हा उपाय करू नका. तिचा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि त्याला थंड ठेवायचं काम पेट्रोलच करतं. कोरडा फिरला तर तो जळतो. अशी गाडी आठवड्याला एकदा वीसेक मिनिटं फिरवून आणणं सगळ्यात चांगलं.

दुकानात स्टॅबिलायझर नावाची बाटली मिळते. ताज्या पेट्रोलात आधीच घातलं तर चिकटा धरणं लांबतं, पण फाटलेलं मिश्रण ते पुन्हा जोडू शकत नाही. ते पेट्रोल काढूनच टाकावं लागतं. आणि काढलेलं गटारात ओतू नये. गॅरेजवाल्याकडे द्यावं. नळी बदलताना स्वस्त पारदर्शक नळी घेऊ नका, ती काही महिन्यांत पिवळी आणि काठीसारखी कडक होते. इथेनॉल सोसणारी फ्लोरो-रबरची नळी थोडी महाग पडते, पण तीच मागावी.

होडीचं आउटबोर्ड मशीन मे अखेरीला किनाऱ्यावर येतं. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत ते घरात किंवा शेडमध्ये टेकवलेलं असतं, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात दमट दिवसांत. शेवटच्या फेरीनंतर मशीन गोड्या पाण्यावर धुऊन घेताना, ते चालू असतानाच टाकीची नळी काढावी. बाउलमधलं पेट्रोल संपेपर्यंत मशीन काही मिनिटं चालतं, मग घरघरतं आणि बंद पडतं. टाकीत उरलेलं ताजं पेट्रोल, त्यात तेल मिसळलेलं नसेल तर, त्याच दिवशी घरच्या बाइकमध्ये ओतून टाकावं. नारळी पौर्णिमेला नवं पेट्रोल भरायचं आणि दोरी ओढायची.