केटलबेल हलकी वाटू लागली, मग पुढे काय?

१६ किलोची केटलबेल, म्हणजे वर मूठ असलेला लोखंडी गोळा, महिनाभर फिरवली की एक दिवस ती हलकी वाटू लागते आणि हात आपसूक शेजारच्या २४ किलोकडे जातो. मला धास्ती वाटते ती याच क्षणाची. कारण 'हलकी वाटते' हा निरोप सगळ्या शरीराचा नसतो.

पहिल्या काही आठवड्यांत वाढलेली ताकद मुख्यतः मज्जासंस्थेची कमाई असते. स्नायू फारसा भरलेला नसतो, पण त्यातले जास्त तंतू एकाच वेळी कामाला कसे लावायचे हे मेंदूला उमगलेलं असतं. स्नायू त्यामागोमाग वाढतो. स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा, म्हणजे टेंडन, मात्र फार सावकाश बळकट होते. तिला रक्तपुरवठा कमी असतो आणि ती मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाची बनलेली असते. जोरकस व्यायामानंतर कंडरेत कोलॅजेनची झीजही वाढते आणि बांधणीही. पहिला दिवस-दीड दिवस झीज वरचढ असते, बांधणी नंतर पुढे जाते. रोज त्याच जागी तितकाच जोर दिला, तर बांधणीची पाळी येण्याआधीच पुन्हा झीज सुरू होते. कोपराजवळची चिवट दुखणी बऱ्याचदा अशीच जडतात. म्हणून जड व्यायामाच्या दोन दिवसांमध्ये एक दिवस मोकळा ठेवावा, असं मी आग्रहाने सांगेन.

दुसरी अडचण वजनांच्या पायऱ्यांची. केटलबेल मूळची रशियातली, आणि तिथलं जुनं माप 'पूड', म्हणजे १६.३८ किलो. १६, २४ आणि ३२ ही वजनं त्यातूनच आली : एक पूड, दीड पूड, दोन पूड. बारबेलला, म्हणजे टोकांना वजनं लावायच्या लांब दांड्याला, किलोभराची चकती जोडता येते, इथे १६ वरून २४ वर जाणं म्हणजे एकदम ५० टक्के वाढ. मधली २० किलोची बेल घेतली तरी वाढ २५ टक्क्यांची असते.

एवढी उडी मारण्याआधी त्याच वजनात बरंच काही वाढवता येतं. स्विंग म्हणजे कमरेच्या झटक्याने बेल पायांमधून छातीपर्यंत झुलवणं. सलग १० स्विंगचा एक सेट, असे ५ सेट म्हणजे ५० स्विंग. दर आठवड्याला एकच सेट वाढवला तर पाच आठवड्यांत १०० होतात, काम दुप्पट आणि बेल तीच. मग दहापैकी एकच सेट पुढच्या बेलने करायचा, पुढच्या आठवड्यात दोन. या टप्प्याच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात सगळंच निम्म्यावर आणायचं. हा शास्त्राचा नियम नाही, पण कंडरेला सवड देणारी ही रीत मला सगळ्यात भरवशाची वाटते.

वेगाचं गणित तर फारच सुंदर आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तीच बेल २० टक्के जास्त वेगाने फेकली तर तिची ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते, आणि परतताना ती ऊर्जा मांडीच्या मागच्या स्नायूंना आणि नितंबांना झेलावी लागते. बेलवर कोरलेला आकडा शरीरावरचा सगळा भार सांगत नाही, तो असा.

थांबायचं कधी, हे स्विंगच सांगतो. ताज्या दमात कमरेच्या झटक्याने बेल छातीपर्यंत तरंगत येते आणि हात दोरीसारखे सैल असतात. सातव्या-आठव्या स्विंगला पाहा : बेल पोटापाशीच अडते, खांदे तिला वर ओढू लागतात, मागे जाताना ती गुडघ्यांच्या खाली लोंबते आणि पाठीला बाक येतो. सेट तिथेच संपवायचा, दहा भरायचा हट्ट नको. झटक्याच्या कामाला लागणारं स्नायूतलं इंधन, क्रिएटिन फॉस्फेट, अर्ध्या मिनिटात साधारण निम्मं भरून येतं, बाकीचं भरायला काही मिनिटं लागतात. न धापता एक लांबलचक वाक्य बोलता आलं की पुढचा सेट.

स्नायूंचा ठणका २४ ते ७२ तासांत सर्वाधिक असतो आणि हिंडता-फिरता ओसरतो. तो आला नाही म्हणजे व्यायाम वाया गेला, असं मुळीच नाही. अतिव्यायामानंतर लघवी काळपट तपकिरी झाली तर मात्र स्नायू मोठ्या प्रमाणात तुटत असू शकतात, तेव्हा लगेच डॉक्टर गाठावा. आणि सांध्यालगत बोट ठेवून दाखवता येईल अशी बारीक कळ असेल तर तिच्याकडे काणाडोळा करू नये. सकाळी उठल्यावर मूठ घट्ट आवळून मनगट वर वळवून पाहा. कोपरात कळ आली, तर त्या दिवशी बेलला हात लावायचा नाही.