नवी आवृत्ती विंडोज ७ आणि ८.१ वर का बसणार नाही?

आमच्या प्रोग्रॅमची पुढची आवृत्ती विंडोज १० किंवा ११ वरच चालेल. विंडोज ७, ८ किंवा ८.१ असलेल्या संगणकावर ती इन्स्टॉलच होणार नाही. तुमच्याकडे आज सुरू असलेली आवृत्ती मात्र बंद पडणार नाही. तिच्यात नव्या सोयी आणि दुरुस्त्या येणं थांबेल, एवढंच.

‘संगणक तर व्यवस्थित चालतोय, मग अडचण काय?’ हा प्रश्न रास्त आहे. कुठलाही प्रोग्रॅम आम्ही पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत स्वतः लिहीत नाही. पीडीएफ बनवणं, छपाई, इंटरनेटची जोडणी यासाठी इतरांनी तयार केलेले भाग वापरतो, आणि त्या मंडळींनीच जुनं विंडोज सोडलं आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा सर्वसाधारण सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला आणि ८.१ चा १० जानेवारी २०२३ ला थांबवला. पुढच्याच महिन्यात क्रोम ११० आला, तो विंडोज १० पासून पुढेच चालणारा. क्रोमच्याच गाभ्यावर बांधलेले अनेक डेस्कटॉप प्रोग्रॅम त्याच्या मागोमाग गेले. जुने भाग धरून बसता आलं असतं, पण त्यांच्यातल्या सुरक्षेच्या त्रुटी आता कोणी दुरुस्त करत नाही. तुमचा डेटा त्यांच्या भरवशावर ठेवणं आम्हाला पटलं नाही.

तुमच्याकडे कोणतं विंडोज आहे ते पाहायला ‘कंप्युटर’ किंवा ‘धिस पीसी’वर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ऑफिसात दोन-तीन संगणक एकच डेटा वापरत असतील, तर त्यांपैकी एकावरच नवी आवृत्ती टाकू नका. नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडताना डेटा फाइलची रचना बदलते, आणि बदललेली फाइल जुन्या आवृत्तीला वाचता येत नाही. म्हणजे एका टेबलावर अपडेट झालं की बाकीच्यांचं काम तिथेच अडतं. हा बदल उलटा फिरवायचं बटण नाही; आधी घेतलेला बॅकअप हाच परतीचा रस्ता. तो पेन ड्राइव्हवर किंवा वेगळ्या डिस्कवर घ्या, त्याच संगणकाच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये नको. आणि दुसऱ्या संगणकावर एकदा उघडून बघा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर आम्ही तरी विसंबत नाही.

नवा संगणक घ्यायचा झाल्यास विंडोज ११ चाच घ्या, कारण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. आहे त्याच मशीनवर ११ टाकायचं असेल तर टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची चिप) लागतं आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत असावा लागतो. इंटेलचे बहुतेक प्रोसेसर आठव्या पिढीपासूनच त्या यादीत आहेत. टीपीएम काही वेळा मशीनमध्ये असतं, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेलं असतं. त्यामुळे ‘चालत नाही’ असा निकाल लावण्याआधी तिथे डोकावून पाहा.

एखाद्या यंत्राला किंवा जुन्या प्रिंटरला विंडोज ७ च लागत असेल, तर तो संगणक ठेवा. इंटरनेट काढून टाका आणि त्यावर जुनीच आवृत्ती वापरा.

‘कम्पॅटिबिलिटी मोड’चा इथे उपयोग नाही. जुने प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालावेत म्हणून तो असतो, उलट दिशेने नाही. आणि ‘विंडोज ७ वर चालणारी’ म्हणून आमची नवी आवृत्ती कुठे डाउनलोडला दिसली, तर ती आमची नाही.